आधी कुणाला सांगायचं

३ मार्च
हॉस्पिटलनं माझ्याकडे नियम लिहून मागितला होता; आज तिथल्या भिंतीवर माझं वाक्य लागलं. ‘आजाराचं निदान आधी रुग्णाला सांगावं, एकट्याला.’ तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्याचा अर्क एका ओळीत. इथं कुठकुठल्या देशांतले लोक येतात, पण खरं ऐकण्याचा हक्क सगळ्यांना सारखाच. फार बरं वाटलं.

६ मार्च
हॉस्पिटलमधल्या दुभाषी मुलीचा फोन. रुग्णांचं बोलणं डॉक्टरांपर्यंत पोचवते ती. एका सुतारकाकांच्या घरच्यांना नियमाप्रमाणे बाहेर काढलं, तर काका काही न ऐकता उठून गेले. उपचार लगेच सुरू व्हायला हवेत. “मॅडम, तुमच्या वाक्यामुळे,” म्हणाली.

७ मार्च
तिला घेऊन काकांच्या कारखान्यात गेले. ते खुर्चीचा पाय घासत होते, काकू पॉलिश करत होत्या. “चौकशीला बोलावल्यासारखं एकट्याला बसवलंत. मी काय चोरी केली होती?”


८ मार्च
मुलीला म्हटलं, चुकलंच माझं — ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे वेगळा नियम करू. काकांच्या लोकांत आधी घरच्यांना सांगायचं. वाटलं, खूश होईल. तडकलीच.
“मीही त्यांच्यातलीच आहे. माझ्या बहिणीचा आजार अख्ख्या घराला माहीत होता, तिला सोडून. शेवटपर्यंत विचारत होती, मला झालंय तरी काय?”
एकच नियम काकांना जाचतो. वेगवेगळे केले तर तिची बहीण अंधारात. इकडे आड, तिकडे विहीर.

९ मार्च
जुन्या नोट्स काढल्या. पानोपानी ‘माणूस’. हा माणूस डोळ्यांपुढे आणून पाहिला — एकटा राहणारा, पुस्तकातला, कुणाला न विचारता ठरवणारा. हुबेहूब मी! सगळ्यांसाठी म्हणून माझ्याच मापाचे कपडे शिवत होते.

१० मार्च
मुलीला घेऊन पुन्हा कारखान्यात. काकांना नुसतं विचारलं — किती ऐकायचंय, सोबत कोण हवं?
त्यांनी रंधा खाली ठेवला. मग, “हे त्या दिवशी विचारलं असतंत, तर उठलो नसतो.”
तिथंच फळीवर बसून नवी ओळ लिहिली. ‘प्रत्येकाला आधी विचारावं — काय ऐकायचं आहे, आणि सोबत कोण हवं.’ मुलीनं दोनदा वाचली. “ताईला कुणी एवढं विचारलं असतं तर...”  कागद स्वतःच्या पिशवीत ठेवला, भाषांतर करते म्हणाली.

१३ मार्च
बैठकीत मोठे डॉक्टर म्हणाले, “आम्ही उत्तर मागितलं होतं, तुम्ही प्रश्न आणलात.” पण मंजूर.
दुपारी काका आले — काकू, दोन भाऊ, सून. खुर्च्या कमी पडल्या. सगळ्यांच्या देखत ऐकलं. बरा होण्यासारखा आजार आहे. उपचार आजच सुरू. जाताना काकूंनीही स्वतःची तपासणी करून घेतली.

१८ मार्च
आज काकूंचा रिपोर्ट आला. नर्सनं विचारलं, सोबत कोण हवं? काकूंनी काकांना, दिरांना, सुनेला एकेक करून बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.