जाळीशेजारचा मासा

३ तारीख, मंगळवार

सकाळी साडेदहाला माझं वाटोळं झालं. पालिकेची पाणी तपासणारी भर रस्त्यात गुडघे टेकून गटाराच्या जाळीत डोकावत होती. मान वर करून म्हणाली, "हे पाणी कुठं जातं, माहितीय?"

"गटारात."

"आणि तिथून?"

मी, कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलेला विद्वान, जाळीत वाकून बघू लागलो.

"थेट ओढ्यात. मध्ये कुणी शुद्ध करत नाही."

लोक प्रेमात पडायला बागेत जातात. मी गटाराशी पडलो.

५ तारीख

तिच्याच हाताखाली नोकरी. पावसाळी गटाराच्या प्रत्येक जाळीशेजारी साचा धरून रोलरने निळा मासा रंगवायचा, खाली 'इथून पाणी थेट ओढ्यात', आणि रहिवाशांचं प्रबोधन करायचं. बाबा म्हणाले, "कॉलेज सोडून गटारं रंगवणार." आई म्हणाली, "सकाळी उठतोय तरी."

तिला 'मॅडम' म्हणावं लागतं. यावर उपाय शोधला पाहिजे.

९ तारीख

प्रबोधन. एका आजोबांनी गाडी धुतलेलं फेसाळ पाणी जाळीत लोटत लोटत माझं सगळं ऐकून घेतलं. वर म्हणाले, "छान काम करताय. लोकांना अजिबात अक्कल नाही." एका वहिनींनी विचारलं, मासा गुलाबी करून मिळेल का.

साडेपाचला सुटलो. घरामागे रोलर धुतले, रोजच्यासारखे. आई कुरकुरली, "माझ्या बादलीचंही प्रबोधन करून टाकलंस. निळी झाली पार."

१२ तारीख

गटार ओढ्याला मिळतं तिथं रोज सहाच्या सुमारास निळं पाणी येतं. तिच्या वहीत तशी नोंद आहे. पाइप आमच्याच गल्लीचा. मी क्षणात गुन्हेगार पकडला – कोपऱ्यावरचे गॅरेजवाले काका. गाड्यांना रंग मारतात, आणखी काय हवं?

"पुरावा?" ती म्हणाली.

"चेहरा बघा ना त्यांचा, मॅडम."

ती हसली! काकांचं आता काही खरं नाही.

१३ तारीख

गिऱ्हाइकांसमोर काकांना झापलं. "ओढा मारताय, लाज नाही वाटत?" काका फडक्याला हात पुसत म्हणाले, "अरे बाळा, रंगाचं पाणी मी पिंपात साठवतो. गाडी येऊन नेते. ये, बघ तरी."

बघितलं नाही. चोर पिंप ठेवणारच. लहानपणी ते माझ्या सायकलची पंक्चर फुकट काढायचे, हे मुद्दाम आठवलं नाही. ऑफिसात जाऊन लेखी तक्रार दिली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, असंही लिहिलं. एवढं चालतं.

१८ तारीख, बुधवार

ताप. आईच्या मते ऊन. आईला काय कळतंय. दिवसभर अंथरुणात.

१९ तारीख

ती म्हणाली, "काल पाणी अगदी स्वच्छ होतं. काकांनी तुझी धास्ती घेतली वाटतं." आणि पाठ थोपटली. हा शर्ट आता धुवायचा नाही.

माझी तक्रार खरी ठरली म्हणून उद्या बारा वाजता गॅरेजला सील लागणार.

संध्याकाळी मागच्या दारी रोलर धुवायला बसलो. आई कपडे काढत होती. सहज म्हणाली, "काल झोपून होतास, तर अंगण तरी एक दिवस स्वच्छ राहिलं."

हात थांबला. काल गॅरेज तर चालू होतं. ठोकाठोकीने मला झोप लागली नव्हती.

पाण्याकडे बघत बसलो. निळं, फरशीवरून निवांत उतरत भिंतीखालच्या जाळीत गेलं. गावभर दोनशे बारा मासे रंगवले. ही एक जाळी राहिली. घरातली, म्हणून मोजलीच नाही! जाळीतलं पाणी कुठं जातं, हा प्रश्न मी दोन आठवडे अख्ख्या गावाला विचारतोय.

घड्याळ बघितलं. पावणेसहा. ओढ्यापर्यंत पंधरा मिनिटं.

२० तारीख

दहा वाजलेत. गप्प बसलो तर ती पुन्हा पाठ थोपटेल. काकांचं गॅरेज जाईल.

मागच्या जाळीशी मासा रंगवून टाकला. रोलर धुतला नाही, तसाच पिशवीत घातलाय. पुरावा मागते ना ती. आधी काका, मग ऑफिस. आरशापुढे चारदा म्हणून पाहिलं. चारही वेळा 'मॅडम'च्या पुढं गाडी जाईना.

बूट घालून दारात उभ्यानेच लिहितोय. आई आतून विचारतेय, "न खाता कुठं निघालास?"

वही कोनाड्यात. दार ओढून घेतो.