ईरोरावांच्या उशाशी

हॅम्बर्ग, ७ मार्च २०२५

चि. ईप्सिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी मी आधी देवाजवळ दिवा लावला आणि मग चहा टाकला. फोन असताना पत्रं कसली लिहितेस म्हणून तू हसलीस. पण फोनवर तू नुसतं हो आई, हो आई करतेस आणि ठेवतेस. कागदावर तुला खोटं लिहिता येत नाही, हे मी तुझ्या शाळेपासून जाणते. फ्रिजवर तुमच्या दौऱ्याचे पत्ते लावलेत, त्यांतला स्टुटगार्टचा बघून हे टाकते. तूही लिही.

तुझा निहार आजीपाशी मजेत आहे. मी मराठीत विचारते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो आणि आमचं भांडण मात्र व्यवस्थित होतं. जिन्याखाली तुम्ही साठवलेल्या रिकाम्या बाटल्या दोघांनी दुकानातल्या पैसे परत देणाऱ्या यंत्रात घातल्या. इंजिनियर बाई घरात असून हे काम कराडच्या मॅट्रिक बाईला करावं लागलं, असं हिशेबाच्या वहीत शेरा मारून ठेवला आहे.

आता मनातलं. जावई माझे, ईरोराव, गुणी आहेत, माझ्याआधी उठून भांडी जागेवर लावतात. पण ते गाणं! पोस्टरवर बँडचं नाव म्हणजे बाभळीच्या काटक्यांचा ढीग, वाचता येत नाही. केस मोकळे सोडायचे आणि अंगात आल्यासारखा गळा काढायचा. शब्द त्यांच्या फिनिश भाषेतले, त्यामुळे कुणाला बोलावतात की कुणाला शिव्या देतात, काही कळत नाही. न कळल्यानं भीती जास्त वाटते.

आणि एक. निघायच्या सकाळी चादरी धुवायला काढल्या, तेव्हा ईरोरावांची उशी गाडीत द्यायची म्हणून खोळ झटकली, तर आतून काळा लाकडी कावळा पडला. पितरांचा पक्षी, तो जित्या माणसाच्या उशाशी? उशी दिली, कावळा ठेवून घेतला. कुणाची काय भावना असेल म्हणून कचऱ्यात टाकवेना. निहारला घेऊन बंदरातल्या फेरीबोटीत बसले, हळदकुंकू वाहिलं आणि एल्बे नदीत सोडला. लाकूडच ते, बुडेना. डुलत डुलत लांब गेला. निहारनं त्याला हात हलवून च्युस, अच्छा, केलं. तेव्हापासून घर हलकं वाटतंय. रागावू नकोस.

जेवणाची आबाळ करू नका. आईवरचा लोभ उतू जाऊ देऊ नकोस, आटूही देऊ नकोस.

तुझी आई

---

लाइपझिग, ९ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

निघताना तू म्हणालीस कागदावर खरं लिही, म्हणून लिहिते. इथं ठीक नाही.

ईरोचं एक पाखरू हरवलंय. तुला ते कधी दाखवलं नव्हतं. तू उगाच काहीबाही मनात आणशील म्हणून. त्याच्या थोरल्या भावानं, युस्सीनं, कोरलेलं. त्यांच्याकडे जुनी समजूत आहे की झोपेत माणसाचा जीव भटकतो. उशाशी लाकडी पाखरू असलं की ते त्याला पहाटे परत आणतं. युस्सी एकोणिसाव्या वर्षी झोपेतच गेला. रात्री आडवा झाला तो उठलाच नाही. त्या रात्री पाखरू ईरोच्या उशाशी होतं. लहान भाऊ घाबरतो म्हणून युस्सीनं ते त्याला दिलं होतं.

तेव्हापासून ते नसलं की ईरोला झोप नाही. डोळा लागतो आणि तो दचकून उठून बसतो. गोळ्या घेत नाही. गाढ झोपेचीच तर त्याला धास्ती आहे. उशीच्या खोळीत स्वतः घातलं होतं म्हणतो. आम्ही गाडीतले सगळे पेटारे उपसले.

तू ज्या गाण्याला अंगात आलेलं म्हणतेस ते त्या पाखराचंच आहे. सुरुवातीला गिटारी अगदी खर्जात, आपल्या देवळातल्या भजनाआधी वीणा नुसती छेडतात तसं. मग हळू आवाजात शब्द येतात: बस, पाखरा, माझ्या डोक्याशी बस, मी लांब गेलो तर मला हाक मार. आणि हाक ऐकू येत नाही म्हणून शेवटी तो ओरडतो. सैतान वगैरे कुणी नाही त्यात. कंपनीनं सांगितलं, इंग्रजीत गा, जास्त खपेल. तो म्हणाला, युस्सीला इंग्रजी येत नव्हतं. इथली जर्मन पोरं एक शब्द न कळता ते गाणं अख्खं म्हणतात, तू विष्णुसहस्रनाम म्हणतेस तसंच.

काल येताना गाडी तो चालवत होता, मी शेजारी पेंगले होते. महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यांवर चाकं थडथडली आणि मी उठले. त्याचे डोळे उघडे होते, पण तो तिथं नव्हता. स्टिअरिंग मी ओढलं. आता एकटीच चालवते. पण मीही माणूस आहे, आई.

घरात पलंगामागे एकदा बघशील का? निहारला पापा.

तुझी ईप्सी

---

हॅम्बर्ग, १३ मार्च

चि. ईप्सिता हिस,
अनेक आशीर्वाद.

पलंगामागे बघायला नको. माझं पहिलं पत्र स्टुटगार्टला तुझी वाट बघत असेल, ते मिळालं की कळेल. ते कसं परत घ्यावं हे दोन दिवस शोधत होते. पोस्टातल्या बाईला निहारकरवी विचारलं, ती नाही म्हणून मान हलवत नाइन म्हणाली.

पाखरू मी पाण्यात सोडलं.

तुझं वाचून लगेच फोन केला होता. तू म्हणालीस, आई, जिवंत आहोत, आवाजाची तपासणी चालली आहे, काय ते पटकन बोल. मागून ईरोरावांचं ओरडणं ऐकू आलं, हाक ऐकू येत नाही म्हणून ओरडतात तेच. निहारला सर्दी नाही, एवढं सांगून ठेवला.

काल फेरीबोटीनं पुन्हा जाऊन आले. दोन्ही काठ बघितले. बोटीवरच्या माणसाला हातानं पक्षी करून दाखवला. तो भला माणूस, गेनाऊ गेनाऊ, बरोबर बरोबर, म्हणत मला सीगल दाखवत राहिला.

मी वाईट चिंतून केलं नाही. पण चांगलं चिंतून माणसाची झोप काढून घेतली. कावळा बघितला आणि तो कुणाचा, हे विचारलं नाही. विचारायला तोंड होतं, माणूस शेजारच्या खोलीत होता.

ईरोरावांना गाडी देऊ नकोस. तुला झोप आली तर गाडी थांबव, गाणं बुडालं तरी चालेल. देवाला एवढंच मागते आहे. माझ्यावरच्या लोभाचं काय करायचं ते तू ठरव.

तुझी आई

---

स्टुटगार्ट, १६ मार्च

ती. आईस,
सा. न.

दोन्ही पत्रं एकदम हातात पडली. पहिलं वाचताना हसले, हळदकुंकवापर्यंत. मग हसता आलं नाही.

रागावले आहे. किती ते लिहीत नाही, कारण कागदावर मला खोटं लिहिता येत नाही.

काल ईरो गाताना मधेच शब्द विसरला. स्वतः लिहिलेले, भावाचे शब्द. समोरच्या पोरांनी म्हणून पुरे केले. नंतर ड्रमवाल्याला म्हणाला की हॅम्बर्गनंतर मी पुढे येत नाही, फिनलंडचे कार्यक्रम रद्द करा. बारा वर्षांचा बँड आहे, आई. तो अजून मोटेलांना फोन करून पाखरू सापडलं का विचारतोय. प्रत्येकाला आधी सॉरी म्हणतो.

मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुझं काम आहे. शनिवारी हॅम्बर्गला कार्यक्रम आहे, दुपारी मी हॉलवर सामान उतरवत असेन, तो एकटा घरी येईल. तेव्हा सांग. चहा देण्याआधी सांग.

ईप्सिता

---

हॅम्बर्ग, २४ मार्च

चि. ईप्सिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी ईरोरावांना हॉलच्या दाराशी सोडायला आले तेव्हा तू मिठी मारलीस पण काही विचारलं नाहीस, आणि पहाटे तुम्ही ट्राव्हेम्युंडेहून सुटणाऱ्या फिनलंडच्या बोटीला निघालात. म्हणून टांपेरेच्या पत्त्यावर सगळं लिहिते.

चहाआधीच सांगितलं. जावईबापू दारातल्या बाकावर बूट काढत होते. त्यांना कामापुरतं मराठी येतं, त्यामुळे मला आडवळणानं बोलता आलं नाही. म्हटलं, पाखरू मी नदीत सोडलं, मला वाटलं कावळा, मला वाटलं अशुभ. ते एक बूट पायात, एक हातात, तसेच बसले. चेहरा पांढरा, डोळे आत गेलेले. मला वाटलं आता उठून जातील. तसं झालं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

त्यांनी विचारलं, बुडालं का? मी म्हटलं, नाही, तरंगत गेलं. कुठे? समुद्राकडे. ते म्हणाले, आई, तो आमचा समुद्र नाही, तिकडे इंग्लंड आहे. युस्सीला इंग्रजी येत नव्हतं. हसायचं की रडायचं ते मला समजेना. त्यांनाही बहुधा समजलं नाही.

मग म्हणाले, आज मला गाता येणार नाही. मी म्हटलं, आडवे व्हा. पाखरू मी घालवलं, मी बसते उशाशी. मी उठवीन. त्यांनी माझ्याकडे बघितलं, निहार अंधारात जिना उतरायच्या आधी बघतो तसं. मग निहारच्या पलंगावर पाय मुडपून झोपले.

मी जपमाळ घेऊन बसले, पण जप झाला नाही, ईप्सी. त्यांचा श्वास संथ झाला की माझं बोट मण्यावर अडायचं. पुढचा श्वास आला की मणी पुढे. एवढा मोठा माणूस इतकी वर्षं कशाला भितो, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

निघायची वेळ झाली तशी हाक मारली. ईरोराव. उठले नाहीत. पुन्हा मारली, खांदा हलवला. काही नाही. काय वाटलं ते लिहीत नाही. शेवटी तुला लहानपणी हाक मारायचे तशी मारली, ईरो, ऊठ रे बाळा, म्हणून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी. डोळे उघडले. मला ओळखायला जरा वेळ लागला. मग म्हणाले, लांबून ऐकू आलं.

पुढे रोज कोण बसणार, हा प्रश्न होताच. स्वयंपाकघरातून कराडहून आणलेली रवी आणून दिली, आजीची, ताकाची. म्हटलं, हिचं डोकं कापा आणि पाखरू कोरून घ्या. त्यांनी दांड्यावरून अंगठा फिरवला, जिथं हातानं झिजून खळगा पडलाय तिथं. कुणाची म्हणाले. सांगितलं, माझ्या सासूबाईंची. त्या झोपेत गेल्या का, विचारलं. मी म्हटलं, छे, त्या ताक घुसळता घुसळता गेल्या, मला ओरडत. त्यांच्या घरात उजाडल्यावर कुणी अंथरुणात दिसलं नाही. ही रवी फिरायला लागली की सगळी आळी उठून बसायची.

तेव्हा जावई हसले. म्हणाले, मग कापायची नाही. मला उठवणारंच कुणीतरी पाहिजे. आणि अख्खी रवी उशीच्या खोळीत घातली. दांडा बाहेर राहतो, तो तुला टोचेल. सोस.

त्या रात्री त्यांनी ते गाणं म्हटलं, हे निहारला तू फोनवर सांगितलंस म्हणून मला कळलं. पुढच्या गावी झोप लागली का, ते मात्र मला लिही. खरं लिही.

आज ताक चमच्यानं ढवळलं. लोणी आलं नाही. चालेल.

राग असेल तेवढा राहू दे, पण लोभ त्याच्या उशाशी जागा असू दे.

तुझी आई