उस्तादाला नालायक ठरवावे

प्रति,
मा. सेक्रेटरीसाहेब,
रियासत फुटबॉल निवड समिती,
हैदराबाद (दख्खन)

अर्जदार : बद्रीनाथ कडूबा बोराडे, फुटबॉलचा उस्ताद, राहणार जुना जालना.

विषय : 'गैरमुल्की' हा शेरा रद्द होऊन त्याऐवजी 'नालायक' असा शेरा मिळणेबाबत.
संदर्भ : आपला हुकूम, ता. २ नोव्हेंबर १९४०.

महोदय,

१. अर्जदार सोळा वर्षे खेळाडू घडवीत आहे. जालन्याच्या जिनिंगमधील कामगारांचा अनवाणी संघ त्याने उभा केला, पुढे परतूरच्या रेल्वेवाल्यांना शिकवले, जिल्ह्याचा संघ तीनदा अंतिम सामन्यापर्यंत नेला. श्रावणात आपण त्यास रियासतीच्या संघाचा उस्ताद नेमले, तेव्हा आई साळूबाईने साऱ्या गल्लीत गूळ वाटला.

२. नेमणुकीच्या कागदावर जन्मगाव विचारले होते; अर्जदाराने खरे ते लिहिले. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीने आई रियासतीतल्या धावड्याहून इंग्रजी अमलाखालच्या बऱ्हाडात गेली व अर्जदार तिथे जन्मला. सव्वा महिन्याचा होऊन परत आला तो आजतागायत रियासतीतच आहे. तेवढ्यावरून समितीने त्यास गैरमुल्की, म्हणजे बाहेरचा, ठरवून काढले. संघ दुसऱ्या उस्तादासह मुंबईस गेला. अर्जदाराचे काळीज फाटले, ते असो.

३. खरी चूक अर्जदाराची. रागाच्या भरात तो हे कारण आईसमोर बोलून गेला. तेव्हापासून तिला घास गिळवत नाही. म्हणते, "म्या माहेराला गेल्ते म्हून माह्या लेकाचं वाटोळं झालं." अर्जदाराची मुलगी द्वारका पहिल्या बाळंतपणाला आली होती, आईने तिला आठव्या महिन्यात आगगाडीत बसवून सासरी धाडले. पोर रडत गेली.

४. "माय, मला शिकवताच येत न्हाई म्हून काढलं," असे अर्जदाराने सांगून पाहिले. ती शिक्क्याचा कागद मागते. सबब, अर्जदार नालायक असल्याने काढला, असे समितीने लिहून द्यावे. कारणे हवी असल्यास, तिन्ही अंतिम सामने तो हरला आहे व शेवटच्यात त्याने पाय मुरगळलेल्या गोलकीपरला हट्टाने खेळवले.

५. या शेऱ्यानंतर कोणताही संघ त्याला दारात उभे करणार नाही, हे अर्जदार पुरते जाणतो. कागद आईच्या नावे पाठवावा. शाळेचे गिरिधर मास्तर तिला वाचून दाखवतील, आणि अर्जदार शेजारी बसून एकेका दोषाला होय म्हणेल.

टपालाची वाट पाहणारा, आपला नम्र,
बद्रीनाथ कडूबा बोराडे
जुना जालना, ता. १८ नोव्हेंबर १९४०

सोबत : नेमणुकीचे मूळ पत्र. परत पाठवू नये.