मावशीचा फोन वाजत नाही

माय, तू गेलीस तेव्हा मोबाईल म्हणजे नुसतं बोलायचं यंत्र होतं, म्हणून मी काय करते ते आधी सांगते. अंबाजोगाईत एका छोट्या कंपनीत मी मोबाईलवरचं ॲप बनवते. शेतकऱ्याला खुरपणीला बाया पाहिजेत, बायांना काम पाहिजे. त्यांची गाठ हे ॲप घालून देतं. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून मी खुरप्याचं चित्र टाकलं, बोंडाचं टाकलं. काम आलं की फोन आपल्या बोलीत विचारतो, ‘काम हाय, येती का?’ हिरवं बटण दाबलं की झालं. लई सोपं केलंय. गर्व होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या सोमवारी मुक्कामाला जाऊन ते पहिल्यांदा आपल्याच गावात चालू केलं, तू ज्यांच्याबरोबर खुरपायला जायचीस त्या तुझ्याच टोळीवर. प्रत्येक बाईचा फोटो आणि खाली तारे. पहिल्या दिवशी सगळ्या गेल्या, कोण किती भराभर खुरपते ते फोननंच मोजलं: झपाझप खुरपणारीला पाच, रेंगाळणारीला कमी. शेतकऱ्यानं यादी बघायची आणि हव्या तेवढ्याच बाया निवडायच्या. शेजारच्या मावशीला दोन तारे मिळाले. साठी कधीच उलटलीय तिची, मागंपुढं कोणी नाही, रोजगार मिळाला तर चूल पेटते. पुढचे तीन दिवस सकाळी ती भाकरी फडक्यात बांधून माझ्यापुढं येऊन उभी. फोन हातात देते आणि म्हणते, “माझा वाजलाच न्हाई गं. बिघडला का बघ की.” मी उगीच बंद करते, चालू करते. “रेंज नाही मावशी.” मग ती फोन डोक्यावर धरून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहते! बाकीच्या बाया मान खाली घालून टेंपोत बसल्या. तिसऱ्या दिवशी एकजण चढता चढता म्हणाली, “ताई, तुमचं ह्ये लई शहाणं हाय बरं का.” माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

मी आठवीत होते. शाळा बुडवून तुझ्याबरोबर तुरीच्या खुरपणीला आलेली. माझ्या वाट्याच्या ओळी, माझी पात सगळ्यांच्या आधी झाली म्हणून मी बांधावर बसले आहे, पाणी पिते आहे, मोठी शहाणी. तू तरातरा येतेस.

“बसलीस कावून?”

“माझी पात झाली.”

“मागं बघ. टोळीची झाली का? ऊठ.”

सगळ्या बायांसमोर तू खुरपं माझ्या हातात कोंबलंस. रडतच मी मागं राहिलेल्या बाईच्या पातीत पलीकडच्या टोकानं घुसले. टोळीची रीतच ती. जिची झाली तिनं मागचीची ओढायची, रानातून सगळ्यांनी एकदम निघायचं. कोण मागं राहते हे रानमालकाला कधी कळलंच नाही. तुझे गुडघे गेले तेव्हा दोन वर्षं तुझी पात मावशीनंच ओढली. ती कोणाला बोलली नाही, तूही नाही. मी मात्र बघत होते.

आज अकराला मीटिंग आहे. मी ॲपचा नवा पडदा बनवून आणलाय: तारे नाहीत, एकेकीला निवडणं नाही, टोळी घ्यायची तर अख्खी. येत्या सोमवारपासून तालुकाभर ताऱ्यांचं जुनंच चालू करायचं ठरलंय. साहेब म्हणणार, ‘तारे काढायचे नाहीत, शेतकऱ्यांचीच मागणी आहे, तूच तर मला सांगितलंस.’ नोकरी जाईल का ठाऊक नाही. पण तारे राहिले तर गावोगावच्या मावश्या अशाच टाकीपाशी उभ्या राहतील. अजून ऑफिसचा जिना चढले नाही, आणि हे तुला लिहीत बसलेय, जसं काही टपाल तुझ्यापर्यंत पोचतं.

वर जाऊन जे सांगायचंय ते आधी तुला सांगते. एकाही शेतकऱ्यानं तारे मागितले नव्हते, माय. ते माझ्याच डोक्यातून निघाले.