खुराड्यामागची शंभर पानं

२ जुलै
पीच पिकवणाऱ्या बंधूंनो! आपलं दुःख एकच आहे. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. झाडं लोह मागतात आणि सोसायटी रिपोर्ट मागते!
(आरशासमोर म्हणून पाहिलं. इथे टाळ्या.)
नियम असा: पानांच्या तपासणीत लोह कमी आलं, तरच लोहखत. सोसायटीच्या कृषीतज्ज्ञ आरेतीबाईंनी कागदी पिशवी दिली. बागभर फिरून शंभर पानं तोडायची.

३ जुलै
बागभर फिरलो. मन खचलं. मी सोसायटीचा अध्यक्ष. माझी असली फिकट पानं लॅबमध्ये लोकांनी बघायची? शंभरही पानं कोंबड्यांच्या खुराड्यामागच्या एकाच झाडाची तोडली. काय हिरवी! बायको म्हणाली, "रक्त तपासायला शेजाऱ्याचं देणार का?" तिला राजकारण कळत नाही. खत काय, अध्यक्षाला मिळतंच.

२० जुलै
रिपोर्ट आला. काहीच कमी नाही. नायट्रोजन तर जास्तच! कॅफेत त्या रिपोर्टवर चाळीस मिनिटं बोललो. लाझोसकाका म्हणाले, "स्टेर्गिओस, तुझ्या पानांत आणि तोंडात कशाचीच कमतरता नाही बघ." दिलदार माणूस.

२१ जुलै
लोहखताची यादी लागली. माझं नाव नाही. यादीखाली सही माझीच.

३० जुलै
वरच्या साठ झाडांची पालवी पांढुरकी. टोकं करपली. आरेतीबाई म्हणतात, असंच राहिलं तर झाड वाळतं. वडिलांनी लावलेली झाडं. खरं सांगून टाकावं? पण चाळीस मिनिटं बोललोय.
सासूबाई कुंडीतल्या लिंबाला गंजके खिळे ठोकतात. साठ झाडांना साठ ठोकले. उद्या फरक दिसेल.

३१ जुलै
परवा दिसेल.

५ ऑगस्ट
आरेतीबाईंचा फोन. आदर्श बाग म्हणून रविवारी सगळं गाव बघायला येणार. म्हटलं, औषध फवारलंय, जहाल आहे. म्हणाल्या, "रविवारपर्यंत उतरेल की." फाटकाला कुलूप लावलं. आतून. आता मीही बाहेर जाऊ शकत नाही, कुणीतरी विचारेल.

९ ऑगस्ट, रविवार
आले. किल्ली बायकोनं दिली.
लाझोसकाकांची टोपी खिळ्याला अडकली. त्यांनी पुढचं झाड पाहिलं, मग त्याच्या पुढचं. "अरे वा, कोट अडकवायचीही सोय केलीय!"
मी "बंधूंनो" म्हणालो. भाषण तेवढंच झालं. आरेतीबाईंनी नवी पिशवी हातात दिली.
सगळ्यांसमोर, मोठ्यानं मोजत तोडली. नव्याण्णव पिवळी. शंभरावं जाता जाता खुराड्यामागून घेतलं, सहज.
बायकोनं ते पिशवीतून काढून कोंबडीपुढे टाकलं. म्हणाली, "अहो अध्यक्ष, आता एक पिवळं आणा."