पडद्यामागच्या मशीनची वाटणी

मी, शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची थोरली मुलगी, वय वर्षे वीस, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापुढे 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असं लिहायची रीत आहे. ते लिहीत नाही, उगाच खोटं कशाला? मुलींच्या शाळा बंद झाल्या तेव्हा मी सातवीत होते, म्हणून लिहिण्यातल्या चुका पोटात घालाव्यात.

कारण असे. बायकांना दुकानात काम करायला बंदी आहे. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून मी पडद्यामागे शिवते आणि बाबा पुढे बिनसुईच्या मशीनवर नुसते पाय मारतात, म्हणजे आवाज त्यांचाच वाटतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मास्तर, या वयातही काय सफाई आहे हो!" बाबा म्हणतात, "चाललंय आपलं." परवा निरीक्षक दुकानात शिरला तेव्हा बाबांचा बसल्याबसल्या डोळा लागला होता. पाय थांबलेले, आणि मशीनचा आवाज चालूच. उद्या मला चौकीत हजर व्हायचं आहे. तिथे गेलेली मुलगी परत येतेच असं नाही.

कलम १. बाबांना याबद्दल कोणीही, कधीही एक शब्द बोलू नये. थकलेला माणूस झोपला, एवढंच झालं. मलाही फार झोप येते हो.

कलम २. माझं मशीन धाकट्या बहिणीला द्यावं. बाईला मशीन विकत नाहीत, म्हणून पावती काकांच्या नावाने आहे, पण घेतलं ते माझ्या कमाईतून. दुकान आता बंदच होणार. मशीन घरी आणावं, धाकटीने दार लावून शेजारणींचे कपडे शिवावेत. ते गेलं तर घरात चूल पेटायची नाही. काल काका म्हणाले, "पोरगी आत गेली की मशीन मी नेतो." काका, नाही. मी मेले तरी नाही.

कलम ३. काकांना दुकानाची पाटी द्यावी. तिच्यावर मालक म्हणून त्यांचं नाव आहे आणि त्या नावाचं भाडं घ्यायला ते कधी चुकले नाहीत. पाटी खुशाल उशाशी घेऊन झोपावं. बाकी दुकानातल्या टाचणीलाही हात लावू नये.

कलम ४. शिवायला आलेला एक कोट अर्धा राहिला आहे. निरीक्षकाचाच. त्याचा डावा खांदा उतरता आहे, आतून जाड पट्टी द्यावी, नाहीतर कॉलर उचलली जाते. माझं भांडण त्याच्याशी आहे, कोटाशी नाही. पण खिसे उथळ ठेवले तरी चालतील.

कलम ५. आईला माझी उशी. आई, दारात वाट बघत बसू नकोस, गुडघे आखडतात तुझे.

कलम ६. पडदा कोणालाही देत नाही. त्याची फडकी करावीत. धाकटे, तू खिडकीपाशी बसून शिव. उजेडात टाका नीट दिसतो, हे मला फक्त ऐकून माहीत आहे. आणि बाबांना झोप आली तर झोपू दे.

बाईची सही अर्धी धरतात. साक्षीदार दोन लागतात, म्हणून चौघींना बोलावलं.

ठिकाण : दुकानाची मागची खोली.
दिनांक : हजर व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी.
सही : मास्तरांची थोरली.

साक्षीदार :
१. गल्लीतली सुईण. (हिला मीच पहिल्यांदा हातात घेतलं होतं.)
२. शाळेतल्या बाई. (चुका फारशा नाहीत, बाळ.)
३. समोरची म्हातारी, अंगठा.
४. काकू. (वाचून सही केली आहे. पावती यांच्या कपाटात होती, ती धाकटीला देऊन आले. यांना काय सांगायचं ते मी सांगेन.)