बोल्टवरचा लाल ठिपका

४ मार्च
टॅक्सीवाला परत आला. आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर बंद पडतो म्हणे. तार मी टाकली, जोडणी मी केली, माझ्या कामात खोट नाही. सांगितलं, बॅटरी उतरलीय, शेजारी जा.
शेजारी म्हणजे माझा धाकटा भाऊ. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, एका दुकानात भिंत घालून आम्ही दोन केली — इकडे माझं गाडीच्या म्युझिकचं, तिकडे त्याचं बॅटऱ्यांचं. भिंत इतकी पातळ की तो शिंकला तरी कळतं. बोलणं बंद आहे.

५ मार्च
टॅक्सी सुरळीत. धाकट्याने कबूल केलं म्हणे — "बॅटरीच डाउन होती, दादाचं काम चोख आहे." भिकार माल हा ठेवणार आणि बोलणी मी खाणार!

९ मार्च
बायको काउंटरवर बसते आणि माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, "जाताना शेजारी बॅटरी दाखवून घ्या हं." दिराचा एवढा पुळका! "पगार तिकडून घेतेस का?" म्हणून विचारलं. ती म्हणाली, "चहा निवतोय." उचलला तर सांडला. त्या कपाचा कानच धड नाही.

१३ मार्च
नवी पक्कड टाकाऊ निघाली. हातात ठरतच नाही.
अण्णा म्हणायचे, करंट आणणाऱ्या तारेचे सगळे लाड करतात, परत नेणाऱ्या अर्थिंगकडे कुणी बघत नाही. पत्र्यावरचा रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडायचा, मगच तिथे तारेचा बोल्ट आवळायचा. रंगावरच आवळला तर करंट अडतो आणि आवाज वाढवला की सगळं बंद. धाकटा त्यावर कडी करायचा. आवळलेल्या बोल्टवर नेलपेंटचा लाल ठिपका द्यायचा, सैल झाला तर कळावा म्हणून. "नवरी नटवतोय," असं मी चिडवायचो. अण्णांना मात्र त्याचं कोण कौतुक! खरी भिंत तेव्हाच पडली होती आमच्यात, विटा नंतर आल्या.

१४ मार्च
दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीचंही तेच रडगाणं. शेजारी पाठवली. ह्याच्या बॅटऱ्या भंगारात घालायला हव्यात.

२० मार्च
टॅक्सीवाल्याला मागे नवे स्पीकर हवे होते. सीटखालचं कार्पेट उचललं. तार माझीच, बोल्टही माझाच. पण भोवतीचा रंग खरवडून लोखंड लख्ख केलेलं, आणि बोल्टवर लाल ठिपका.
हा रंग मी खरवडला नव्हता? खरवडायला बसलो होतो, एवढं आठवतं. मग बोटं आखडली आणि वाटलं, राहू दे, चालतंय.
काहीतरी थाप मारून डॉक्टरीणबाईंची गाडी मागवली. तिथेही ठिपका.
म्हणजे बॅटऱ्या ठणठणीत होत्या. स्वतःच्या मालाला बट्टा लावून तो माझं काम निस्तरत होता, आणि मी इथे बसून त्यालाच शिव्या लिहीत होतो. चारचौघांत माझी अब्रू काढली असती तरी इतकं झोंबलं नसतं. कुणी मागितले होते त्याचे उपकार? जेवण गेलं नाही. बायकोने कारणही विचारलं नाही.

२१ मार्च
शेजारी गेलो. भांडायलाच. म्हटलं, "माझ्या गाड्या उघडायला तुला कुणी सांगितलं?" तो माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हात खिशात घातला, तर तो तिथेही थरथरत होता.
"वहिनीने," तो म्हणाला. "कुठली गाडी बघायची ते तीच सांगते. आणि ठिपके द्यायचे मी कधीच सोडले होते, दादा. तीच म्हणाली, 'देत जा. तोंडावर सांगायची माझी छाती होत नाही. त्यांचं त्यांनाच एक दिवस दिसेल.'"